फायरफॉक्स ‘पुढे धोका आहे’ म्हणतो तेव्हा: आधी घड्याळ, मग बाकीचं

लक्षणं

- नेट चालू आहे, पण फायरफॉक्समध्ये जवळपास प्रत्येक साइटवर ‘वॉर्निंग: पोटेन्शियल सिक्युरिटी रिस्क अहेड’ नाहीतर ‘सिक्युअर कनेक्शन फेल्ड’ असं पान येतं.
- मोबाइलमध्ये तीच साइट व्यवस्थित उघडते.
- काही साइटवर ‘ॲक्सेप्ट द रिस्क अँड कंटिन्यू’ हे बटण मिळतं. बँकेच्या आणि गूगलच्या पानांवर ते मिळतच नाही.
- थंडरबर्डमध्ये मेल येणं थांबलंय, आणि अपडेट मॅनेजर ‘नॉट व्हॅलिड येट’ असं काहीतरी म्हणून अडून बसलाय.
- सकाळी संगणक सुरू केल्यावर पहिली काही मिनिटं त्रास होतो, मग आपोआप सुरळीत. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच.
- सुरू होताना काळ्या पडद्यावर ‘सीमॉस’ (घड्याळ आणि मूळ सेटिंग सांभाळणारा आतला भाग) असा उल्लेख येतो आणि एफ१ दाबायला सांगितलं जातं.

यातली दोन-तीन लक्षणं एकत्र दिसत असतील तर पुढचं वाचा.

कोल्हापुरात जुन्या संगणकांवर लिनक्स मिंट किंवा उबुंटू (विंडोजच्या जागी चालणाऱ्या फुकट प्रणाली) घालून देणं आणि नंतर ते सांभाळणं हे माझं काम. उद्यमनगरातली वर्कशॉपं, लक्ष्मीपुरीतली दुकानं, करवीर तालुक्यातल्या दूध संस्था, राजारामपुरीतले क्लास अशी माझी गिऱ्हाइकं आहेत. १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा नियमित आधार संपला, आणि विंडोज ११ न झेपणारी बरीच यंत्रं लिनक्सवर आली. यंत्रं जुनी, त्यामुळे त्यांची दुखणीही जुनीच. “नेट हाय ओ, पन एक पान उघडंना झालंय” असा फोन आला की दहातल्या बहुतेक वेळा हाच बिघाड असतो.

आणि त्या फोनमध्ये पुढचं वाक्य हमखास असतं: “ते खालचं बटण दाबलं की जातंय की पुढं.” मला हा लेख लिहावासा वाटला तो या वाक्यामुळे. तो इशारा हा बिघाड नाही. बिघाड दुसरीकडे कुठेतरी आहे आणि ब्राउझर तो तुम्हाला दाखवतोय. बटण दाबून पुढे जाणं म्हणजे फॅट कमी लागली म्हणून मशीनच बंद करून दूध मोजून घेणं. एकदा ती सवय लागली की खऱ्या धोक्याच्या दिवशीही बोट त्याच बटणावर जातं. म्हणून खालच्या तपासण्या संपेपर्यंत त्या बटणाला हात लावू नका.

पहिली तपासणी: तारीख, आणि तारखेतलं वर्ष

फुकट आहे आणि दहा सेकंदांत होते. कोपऱ्यातल्या घड्याळावर क्लिक करा आणि वर्ष वाचा. लोक वेळ बघतात, फार तर तारीख बघतात, पण वर्षाकडे नजर जात नाही. संगणक २०१५ सालात बसलेला असतो आणि आपण पंधरा मिनिटं राउटरची बटणं दाबत असतो. फायरफॉक्सला घड्याळाचा संशय आला तर तो इशाऱ्याच्या पानावर ‘तुमच्या संगणकाच्या मते आज अमुक तारीख आहे’ असं स्वतःहून सांगतो. पण ते पान पूर्ण वाचायला हवं.

घड्याळाचा आणि सुरक्षिततेचा संबंध काय? एचटीटीपीएसने, म्हणजे सुरक्षित जोडणीने, चालणारी प्रत्येक साइट ब्राउझरला एक प्रमाणपत्र दाखवते. त्यावर दोन तारखा असतात, कधीपासून चालेल आणि कधीपर्यंत चालेल. ब्राउझर त्या तुमच्या संगणकाच्या घड्याळाशी ताडून बघतो. घड्याळ मागे असेल तर कालच दिलेलं प्रमाणपत्रही त्याला ‘अजून लागू न झालेलं’ वाटतं. पुढे असेल तर ‘मुदत संपलेलं’. म्हणून एकाच वेळी सगळ्या साइट बंद पडतात, थंडरबर्ड अडतो आणि अपडेट मॅनेजरही तक्रार करतो. तिघंही आपापल्या परीने तारीखच तपासत असतात. ही तीन लक्षणं एकत्र आली तर बाकी काही न बघता घड्याळ धरा.

पूर्वी घड्याळ दोन-चार महिने मागे पडलं तरी बऱ्याच साइट चालायच्या, कारण प्रमाणपत्रं लांब मुदतीची होती. १ सप्टेंबर २०२० पासून नव्या सार्वजनिक प्रमाणपत्राची कमाल मुदत ३९८ दिवसांवर आली. सीए/ब्राउझर फोरमने (प्रमाणपत्रं देणाऱ्या संस्था आणि ब्राउझर बनवणाऱ्यांचं मंडळ) ठरवल्याप्रमाणे ती १५ मार्च २०२६ पासून २०० दिवस, १५ मार्च २०२७ पासून १०० दिवस आणि १५ मार्च २०२९ पासून ४७ दिवस अशी उतरत जाते. लेट्स एन्क्रिप्ट या फुकट प्रमाणपत्रं देणाऱ्या संस्थेची प्रमाणपत्रं तर सुरुवातीपासून ९० दिवसांची आहेत. चोरीला गेलेलं किंवा चुकून दिलेलं प्रमाणपत्र लवकर बाद व्हावं यासाठी ही सुधारणा चांगलीच आहे. पण आपल्या बाजूने तिचा अर्थ असा, की घड्याळातली थोडी गडबडही इथून पुढे लवकर जाणवणार.

दुरुस्ती सोपी आहे. मिंटमध्ये ‘डेट अँड टाइम’ उघडा, कुलूप उघडण्यासाठी पासवर्ड द्या, ‘नेटवर्क टाइम’ चालू करा. उबुंटूत सेटिंग्जमध्ये तारीख-वेळेच्या पानावर ‘ऑटोमॅटिक’ चालू करा. दोन्हीकडे वेळेचा विभाग भारताचाच, म्हणजे एशिया/कोलकाता, आहे का ते बघा. हे बघणं महत्त्वाचं आहे. विभाग दुसराच ठेवून काटे हाताने फिरवून वेळ ‘बरोबर दिसेल’ अशी केलेली यंत्रं मी पुष्कळ पाहिली आहेत. पडद्यावर वेळ बरोबर दिसते, आतला हिशेब मात्र चुकलेला असतो, विभाग जागतिक वेळेचा असेल तर साडेपाच तासांनी. साइट कदाचित उघडतील, पण दर ३० सेकंदांनी बदलणारा सहा आकडी कोड देणारं ॲप त्या संगणकावर असेल तर त्याचा एकही कोड लागणार नाही.

एकाच यंत्रावर विंडोज आणि लिनक्स दोन्ही असतील तर हेच साडेपाच तास दुसऱ्या वाटेने येतात. विंडोज मदरबोर्डच्या (आतल्या मुख्य पाटीच्या) घड्याळात स्थानिक वेळ लिहितं, लिनक्स सहसा जागतिक वेळ लिहितं. एकातून दुसऱ्यात गेलं की ५ तास ३० मिनिटांचा फरक दिसतो. बरोबर एवढाच फरक असेल तर बॅटरी बदलायला जाऊ नका, बॅटरी ठणठणीत आहे. लिनक्सला स्थानिक वेळ वापरायला सांगितलं की प्रश्न मिटतो.

दुसरी तपासणी: नाण्याएवढी बॅटरी

तारीख दुरुस्त केली, सगळं चालू झालं, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा जुनं वर्ष. असं झालं तर मदरबोर्डवरची बॅटरी संपली आहे. सीआर२०३२, तीन व्होल्टची, नाण्यासारखी चपटी. घड्याळवाल्याकडे आणि इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानात मिळते, महाग नसते. चांगल्या नावाची आणि सीलबंद पाकिटातलीच घ्या, कारण खूप दिवस पडून राहिलेली बॅटरी नवी म्हणून बसवली तर काही महिन्यांत पुन्हा हेच होतं.

आपल्याकडे ती लवकर का संपते याचं एक साधं कारण आहे. संगणक बंद असला तरी प्लग चालू असेल तर पॉवर सप्लायमधून थोडा वीजपुरवठा मदरबोर्डला सुरू असतो आणि घड्याळ त्यावर चालतं. बॅटरीवर भार येतो तो प्लग पूर्ण बंद झाल्यावर. लक्ष्मीपुरीत, शाहूपुरीत रात्री शटर ओढताना दुकानदार मेन स्विच खाली पाडतो, आणि ते योग्यच आहे. वळवाच्या दिवसांत विजेचा काही भरवसा नसतो. पण त्यामुळे रोज रात्रभर घड्याळ बॅटरीवर चालतं. २०१९ आणि २०२१ च्या पुरानंतर, पाणी न लागलेल्या पण दिवसेंदिवस वीज नसलेल्या दुकानांतल्या यंत्रांवर हीच तक्रार दिसत होती. मेन स्विच बंद करणं सोडू नका. तीन-चार वर्षांनी बॅटरी बदलायची हे ठरवून टाका.

टेबलावरच्या संगणकात ती तुम्ही स्वतः बदलू शकता. फक्त क्रम पाळा. आधी बायोसमध्ये (संगणक सुरू होताना सर्वांत आधी चालणारी मूळ सेटिंगची पानं) जाऊन प्रत्येक पानाचा मोबाइलवर फोटो काढा. हा टप्पा वगळू नका. बॅटरी काढली की बायोस मूळ स्थितीत जाऊ शकतो, आणि मग डिस्कची पद्धत किंवा लेगसी-यूईएफआयची (सुरू होण्याची जुनी की नवी पद्धत) निवड बदलून ‘बूट होण्यासारखं काही सापडलं नाही’ असं पान येतं. तारखेचं दुखणं घेऊन सुरुवात केलेली असते आणि शेवटी अख्खा संगणकच उठत नाही. फोटो असेल तर दोन मिनिटांत सगळं जागेवर बसतं. मग संगणक बंद करा, वायर भिंतीतून काढा, सुरू करायचं बटण काही सेकंद दाबून उरलेली वीज जाऊ द्या, बाजूच्या पत्र्याला हात लावून अंगातली स्थिर वीज उतरवा, चिमटा हळूच बाजूला सारून बॅटरी काढा, आणि नवी बॅटरी अधिक चिन्ह वर ठेवून बसवा. परत बायोसमध्ये जाऊन तारीख घाला आणि फोटोप्रमाणे बाकीचं तपासा.

नवी बॅटरी बसवूनही घड्याळ मागे पडत असेल तर मदरबोर्डवरच्या घड्याळाच्या सर्किटमध्ये दोष आहे. तिथे घरगुती उपाय संपतात.

तिसरी तपासणी: मोबाइलचा हॉटस्पॉट

तारीख बरोबर आहे आणि इशारा तरी येतोच. आता संगणक नेहमीच्या नेटवरून काढा, मोबाइलचा हॉटस्पॉट चालू करून त्याला जोडा आणि तीच साइट उघडा. एवढ्याने दोष तुमच्या यंत्रात आहे की नेटच्या वाटेवर, हे कळतं.

हॉटस्पॉटवर चाललं तर संगणक ठीक आहे. मग सर्वांत आधी नेटचा रिचार्ज संपला नाही ना ते बघा. मुदत संपली की काही जोडण्यांवर तुम्ही कुठलीही साइट मागितली तरी पैसे भरायच्या पानाकडे वळवलं जातं. तुम्ही मागितलं बँकेचं पान, समोर आलं दुसऱ्याच नावाचं प्रमाणपत्र. फायरफॉक्स ओरडणारच, आणि तो बरोबर आहे. स्टँडवरच्या, हॉटेलातल्या, वाचनालयातल्या वायफायवरही असंच होतं, आधी लॉगिनचं पान भरायचं असतं. फायरफॉक्स वरच्या बाजूला ते पान उघडायची पट्टी दाखवतो. पट्टी दिसली नाही तर एकदा वायफाय तोडून पुन्हा जोडा.

रिचार्ज आहे, लॉगिनचं काही नाही, आणि घरच्या राउटरवरच इशारे येतायत, हॉटस्पॉटवर नाहीत, आणि घरातल्या दुसऱ्या संगणकावर किंवा मोबाइलवर वायफायने पण तेच. हे गंभीर आहे. राउटरमधले डीएनएस पत्ते (साइटच्या नावावरून कुठल्या यंत्राकडे जायचं हे जिथे विचारलं जातं ते) कोणीतरी बदलले असण्याची शक्यता असते. राउटरचा पासवर्ड कारखान्यातून आला तसाच ठेवला असेल तर ते अवघड नाही. ते दुरुस्त होईपर्यंत त्या वायफायवरून बँकेचं काम करू नका, मोबाइल डेटावरून करा. राउटर रिसेट करून नवा पासवर्ड घालता येत असेल तर घाला. जोडणीचं युजरनेम-पासवर्ड हाताशी नसेल तर मात्र रिसेट करू नका, नेट देणाऱ्या माणसाला बोलवा.

उलट, मोबाइलच्या स्वतःच्या ब्राउझरमध्ये, मोबाइल डेटावरही तीच एक साइट इशारा देत असेल, तर दोष साइटचा आहे. एखाद्या छोट्या पतसंस्थेच्या किंवा शाळेच्या साइटचं प्रमाणपत्र नूतनीकरणाविना संपलेलं असतं. तुमच्या हातात काही नाही. त्यांना फोन करून सांगा आणि तोवर तिथे पासवर्ड भरू नका.

चौथी तपासणी: इशाऱ्याचं पान वाचा

‘ॲडव्हान्स्ड’ दाबा. घाबरू नका, एवढ्याने काही बिघडत नाही. धोका त्याच्या पुढच्या बटणात आहे. आत एक लांबलचक एरर कोड असतो आणि ‘व्ह्यू सर्टिफिकेट’ असा दुवा असतो. मला फोन करणाऱ्याने या पानाचा फोटो पाठवला तर माझं निम्मं काम झालेलं असतं.

‘एक्स्पायर्ड सर्टिफिकेट’ किंवा ‘नॉट येट व्हॅलिड’ असेल तर पुन्हा घड्याळ बघा, नाहीतर साइटचा दोष. ‘बॅड सर्ट डोमेन’ म्हणजे मागितलेलं नाव आणि प्रमाणपत्रावरचं नाव जुळत नाही. रिचार्ज, लॉगिनचं पान किंवा साइटची चुकीची मांडणी. ‘अननोन इश्यूअर’ म्हणजे प्रमाणपत्र देणाऱ्याला फायरफॉक्स ओळखत नाही. आणि ‘एमआयटीएम डिटेक्टेड’ असेल तर तुमच्या आणि साइटच्या मध्ये कोणीतरी बसून एचटीटीपीएस उघडून बघतंय असं फायरफॉक्सला दिसलंय.

हे ‘कोणीतरी’ दर वेळी चोर नसतं. विंडोजवरचे काही अँटिव्हायरस, कॉलेजची किंवा कंपनीची फायरवॉल हे काम उघडपणे करतात. ते स्वतःचं मूळ प्रमाणपत्र (ज्याच्या भरवशावर बाकीची प्रमाणपत्रं मान्य होतात) यंत्रात बसवतात आणि मग प्रत्येक साइटच्या जागी आपलं प्रमाणपत्र दाखवतात. बँकेच्या पानावर ‘व्ह्यू सर्टिफिकेट’ उघडलं आणि ‘इश्यूअर’च्या जागी अँटिव्हायरसचं नाव दिसलं, तर कारण समजलं. अँटिव्हायरसमध्ये एचटीटीपीएस तपासण्याची वेगळी खूण असते. ती बंद केली की इशारे थांबतात आणि बाकीचं संरक्षण तसंच राहतं.

“मग क्रोम घाला की”

हा सल्ला मला आठवड्यातून कितीदा तरी ऐकू येतो, म्हणून त्यावर थोडं थांबतो.

घड्याळ चुकलं असेल तर क्रोमही अडणार, तोही ‘तुमचं घड्याळ मागे आहे’ असंच सांगतो. तिथे ब्राउझर बदलून काही मिळत नाही. पण कधी कधी विंडोजवर जुना, आवृत्ती १२० च्या आधीचा, फायरफॉक्स अडतो आणि क्रोम सरळ उघडतो. लोक याचा अर्थ ‘फायरफॉक्स खराब’ असा घेतात. खरं कारण बहुतेक वेळा असं असतं, की फायरफॉक्सकडे विश्वासू प्रमाणपत्रांची स्वतःची यादी आहे आणि क्रोम विंडोजमध्ये नंतर कोणी घातलेली प्रमाणपत्रंही मान्य करतो. म्हणजे मध्ये बसलेला जो कोणी आहे त्याला क्रोमने ओळखीचं मानलं, फायरफॉक्सने मानलं नाही. पान उघडलं एवढ्यावरून ते सुरक्षित ठरत नाही.

आवृत्ती १२० पासून विंडोजवरचा फायरफॉक्सही अशी बाहेरून घातलेली प्रमाणपत्रं आपोआप मान्य करतो, पण ते बंद करण्याची सोय ठेवतो. सेटिंग्जमध्ये ‘प्रायव्हसी अँड सिक्युरिटी’मध्ये प्रमाणपत्रांच्या भागात तशी खूण आहे. लिनक्सवर हे आपोआप होत नाही. शिवाय पत्त्याजवळच्या कुलपावर क्लिक करून आत गेलं की, प्रमाणपत्र बाहेरून घातलेलं असेल तर ‘मोझिला (फायरफॉक्स बनवणारी संस्था) या प्रमाणपत्र देणाऱ्याला ओळखत नाही’ असं फायरफॉक्स स्पष्ट लिहितो. एवढ्या एका वाक्यासाठी मी दुकानांच्या संगणकांवर फायरफॉक्स ठेवतो. वेगात किंवा दिसण्यात क्रोम सरस असेल नसेल. पैशांचे व्यवहार ज्या यंत्रावर होतात तिथे मध्ये कोण बसलंय हे दिसणं मला जास्त मोलाचं वाटतं.

कॉलेजने ‘हे प्रमाणपत्र घाला म्हणजे वायफाय चालेल’ असं सांगितलं तर? कॉलेजच्या संगणकावर त्यांनी काय करायचं ते त्यांनी ठरवावं. स्वतःच्या लॅपटॉपवर घालू नका. एकदा घातलं की त्या प्रमाणपत्राची गुप्त किल्ली ज्याच्या ताब्यात आहे तो त्या नेटवर्कवर तुमचं सगळं वाचू शकतो, बँकेचं पानसुद्धा.

ते बटण कधी दाबायचं

सार्वजनिक साइटवर कधीच नाही. पण आपल्याच घरातल्या किंवा आपल्याच यंत्रातल्या पत्त्यांवर हा इशारा येणं स्वाभाविक आहे. राउटरचं पान, म्हणजे १९२.१६८ ने सुरू होणारा पत्ता, नेटवर्कवरचा प्रिंटर, किंवा डिजिटल सहीच्या टोकनसाठी लागणारी छोटी सेवा जी १२७.०.०.१ या पत्त्यावर चालते. यांची प्रमाणपत्रं त्यांनी स्वतःच स्वतःला दिलेली असतात, म्हणून ब्राउझर ओळखत नाही. ई-टेंडर आणि जीएसटीची कामं करणाऱ्यांना हे रोज भेटतं. पत्ता नीट वाचून, तो आपल्याच यंत्राचा असल्याची खात्री करून तिथे पुढे जायला हरकत नाही.

बँका आणि मोठ्या साइटवर ते बटण का मिळत नाही, तर त्या साइटनीच ब्राउझरला आधी सांगून ठेवलेलं असतं की आमच्याकडे यायचं तर सुरक्षित मार्गानेच, सवलत नाही. या व्यवस्थेला एचएसटीएस म्हणतात. तिला वळसा घालायच्या युक्त्या कोणी सांगितल्या तर त्या करू नका.

आधी कोणी भराभर परवानग्या देऊन ठेवल्या असतील तर त्या बघता येतात. सेटिंग्जमध्ये ‘व्ह्यू सर्टिफिकेट्स’ उघडून ‘सर्व्हर्स’च्या पानावर जा. घरच्या यंत्रांखेरीज जे दिसेल ते काढून टाका. क्लासेस आणि सायबर कॅफेच्या संगणकांवर ही यादी बघून मला नेहमी काळजी वाटते.

पाचवी तपासणी: आवृत्ती

‘हेल्प’मध्ये ‘अबाउट फायरफॉक्स’ उघडून आकडा बघा. मिंटमध्ये नवी आवृत्ती अपडेट मॅनेजरमधून येते, उबुंटूत २२.०४ पासून फायरफॉक्स स्नॅप (उबुंटूचं स्वतःचं पॅकेज) रूपात असतो आणि तो पूर्ण बंद केल्याशिवाय बदलत नाही. दुकानात आठवडाभर उघडाच ठेवलेला फायरफॉक्स त्यामुळे मागे राहतो. दिवसातून एकदा बंद करा, बस्स. ‘तुमचा फायरफॉक्स जुना आहे, इथून डाउनलोड करा’ असं एखाद्या साइटवर आलं तर ते पान बंद करा. खरा अपडेट साइटमधून मागितला जात नाही.

फार जुन्या आवृत्तीत आणखी एक गोम आहे. मोझिलाचं एक मूळ प्रमाणपत्र १४ मार्च २०२५ ला संपलं. आवृत्ती १२८ च्या आधीचे, आणि दीर्घ आधाराच्या शाखेत ११५.१३ च्या आधीचे फायरफॉक्स त्या दिवसापासून ॲड-ऑनच्या, म्हणजे ब्राउझरला वरून जोडलेल्या एक्स्टेन्शनच्या, बाबतीत अडू लागले. ‘जाहिराती अडवणारं एक्स्टेन्शन अचानक गेलं’ ही तक्रार असेल तर आधी आवृत्ती बघा. विंडोज ७ आणि ८.१ वर फायरफॉक्सची ११५ ही शेवटची शाखा आहे, क्रोम तर १०९ वरच थांबला. तसं यंत्र अजून वापरात असेल तर इशाऱ्यांचा पाठलाग करण्यापेक्षा त्यावर मिंट घाला.

सहावी तपासणी: एक्स्टेन्शन आणि प्रॉक्सी

‘हेल्प’मधला ‘ट्रबलशूट मोड’ सगळी एक्स्टेन्शन्स बाजूला ठेवून फायरफॉक्स उघडतो. त्यात इशारे गेले तर दोषी बहुधा फुकट व्हीपीएन किंवा प्रॉक्सीचं एक्स्टेन्शन असतं. काढून टाका, बदली शोधू नका. तुमची सगळी रहदारी अनोळखी माणसाच्या यंत्रातून जात होती. सेटिंग्जमध्ये अगदी तळाला ‘नेटवर्क सेटिंग्ज’ आहे. तिथे हाताने भरलेला प्रॉक्सी असेल आणि तो कोणी भरला हे घरात कोणालाच माहीत नसेल, तर ‘नो प्रॉक्सी’ करा.

सातवी तपासणी: प्रोफाइल

इथवर येणारी यंत्रं थोडी असतात. लाइट अचानक गेल्यावर प्रोफाइलमधली (तुमचे पासवर्ड, बुकमार्क, सेटिंग ठेवणारा फोल्डर) प्रमाणपत्रांची फाइल खराब झालेली असते आणि फायरफॉक्स सगळ्यांनाच अनोळखी म्हणू लागतो. आधी ‘अबाउट प्रोफाइल्स’च्या पानावरून नवं कोरं प्रोफाइल तयार करून त्यात बघा. नव्यात चाललं तर दोष जुन्या प्रोफाइलमध्ये आहे हे पक्कं झालं.

मग ‘हेल्प’मधल्या ‘मोअर ट्रबलशूटिंग इन्फर्मेशन’मधून प्रोफाइलचा फोल्डर उघडा, फायरफॉक्स बंद करा, संपूर्ण फोल्डरची प्रत पेन ड्राइव्हवर घ्या, आणि त्यानंतरच ‘सर्ट९ डॉट डीबी’ या फाइलचं नाव बदला. पुसू नका, नाव बदला. फायरफॉक्स नवी फाइल बनवतो. शेजारची ‘की४ डॉट डीबी’ चुकूनही हलवू नका, साठवलेल्या पासवर्डची किल्ली तिच्यात असते. ‘रिफ्रेश फायरफॉक्स’ हा पर्यायही आहे. त्यात बुकमार्क आणि पासवर्ड राहतात, एक्स्टेन्शन्स जातात.

एक गोष्ट फार जणांना माहीत नसते. लिनक्सवर लिबरऑफिस (पत्रं-हिशेब लिहायचं फुकट सॉफ्टवेअर) डिजिटल सहीसाठी फायरफॉक्सच्या किंवा थंडरबर्डच्या प्रोफाइलमधलीच प्रमाणपत्रं वापरतं. तुम्ही लिबरऑफिसमधून सह्या करत असाल तर प्रोफाइलला हात लावण्याआधी तुमचं स्वतःचं प्रमाणपत्र वेगळं काढून ठेवा. नाहीतर ब्राउझर बरा होईल आणि सही हरवेल.

यानंतरही शंका उरली तर मिंटच्या पेन ड्राइव्हवरून, काही इन्स्टॉल न करता, संगणक सुरू करून त्यातला फायरफॉक्स वापरून बघा. तिथे तारीख बरोबर असून, हॉटस्पॉटवरही इशारा येत असेल, तर ते काम घरचं राहिलं नाही.

कुठे थांबायचं

लॅपटॉप उघडल्यावर आतली मोठी बॅटरी फुगलेली दिसली तर झाकण न लावता, काही न टोचता बाजूला ठेवा आणि जाणकाराकडे न्या. काही लॅपटॉपमध्ये घड्याळाची बॅटरी वायरने जोडलेली किंवा झाळलेली असते. तीही स्वतः काढू नका. पुराचं किंवा गळक्या पत्र्याचं पाणी लागलेलं यंत्र वाळलेलं दिसलं तरी वीज लावून बघू नका. बायोसला पासवर्ड असेल आणि तो कोणालाच आठवत नसेल, तर बॅटरी काढून तो घालवायच्या नादाला लागू नका. संस्थेच्या किंवा कंपनीच्या संगणकावर प्रॉक्सी आणि प्रमाणपत्रं दिसली तर ती त्यांच्या माणसालाच विचारा. डिजिटल सहीचं टोकन चुकीच्या पिनने पुन्हा पुन्हा लावून बघू नका, ते कायमचं बंद होऊ शकतं.

आणि इशारा असलेल्या पानावर तुम्ही बँकेचा पासवर्ड किंवा ओटीपी आधीच भरलेला असेल, तर दुरुस्ती बाजूला ठेवा. दुसऱ्या फोनवरून, मोबाइल डेटावरून, पासवर्ड बदला आणि बँकेला कळवा. पैसे गेले असतील तर लगेच १९३० या सायबर मदत क्रमांकावर फोन करा. जितका उशीर तितकी रक्कम अडवणं कठीण होतं.

दुरुस्तीवाल्याकडे जाताना चार गोष्टी घेऊन जा: ‘ॲडव्हान्स्ड’ उघडलेल्या पानाचा फोटो, त्या वेळी संगणक दाखवत असलेली तारीख आणि वर्ष, हॉटस्पॉटवर चाललं की नाही, आणि बायोसचे काढलेले फोटो. लॅपटॉप नेत असाल तर चार्जरही न्या.